दाजींवरचा बोल

माझी धाकटी बहीण रेणापूरला दिली होती. दाजींनी तिचं दुखणं अंगावर काढायला लावलं, असं आमच्या नात्यात आजही बोललं जातं. ते खरं नाही.

लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि दुष्काळ पडला होता. टँकर आला की बायका धावत. बहीण मात्र रिकामी घागर धरून ओट्यावर बसून राही. जेवण सुटलं होतं. दाजी तिला लातूरजवळच्या एका मिशन दवाखान्यात घेऊन गेले. तिथे काही महिन्यांसाठी जर्मन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं. मी नांदेडला इंग्रजी शिकवायचो, हैदराबादेत हौसेनं जर्मनही शिकलो होतो. गावच्या डॉक्टरनं लिहिलेला बहिणीचा इंग्रजी केसपेपर जर्मनमध्ये करायला मलाच बोलावलं.

त्यात 'मूडी' होतं. त्याला 'लाउनिश' चालला, लहरी. पुढे 'मेलँकली' होतं. त्याचा शब्द मला येत होता: 'श्वेरम्यूटिश', मन जड झालेली. तो लिहिला तर तिला ठेवून घेतील, हेही कळत होतं. माझ्या मुलीची सोयरीक तेव्हा धर्माबादला ठरत होती. पोरीची आत्या वेडी, ही बातमी तिथं पोचायला वेळ लागला नसता. मी 'एम्फिंडलिश' लिहिलं. हळवी.

बाईंनी कागद वाचला, बहिणीची पाठ थोपटली आणि टॉनिक दिलं.

एसटी स्टँडवर बहिणीनं विचारलं, "काय लिवलंस, दादा?"

"थोडी लहरी हाय, हळवी हाय, असं."

"लहरी न्हाई रे मी. मला उठूच वाटंना."

दोन वर्षांनी ती अन्नावाचून गेली. बोल दाजींवर आला, मी तो येऊ दिला.

परवा रेणापूरला जाऊन त्यांना सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "तो दुसरा शब्द लिवला असता, तर ठिवून घेतलं असतं तिला?"

"हाव."

"मी समजून राहिलो, एवढ्या मोठ्या डॉक्टरनं बघितलं, मग इलाजच नसंल." पुढे म्हणाले, "लेकरांना सांगू नका, अण्णा. मला बोलून बोलून ती आता थकलीत. आता तुम्हाला नव्यानं बोलायला कशाला लावायचं?"

त्यांचं हे मी ऐकणार नाही. भाच्यांनो, तुमच्या आईला दवाखान्यात तुमच्या वडिलांनी नेलं होतं. तिथून परत मी पाठवलं.