मला रिव्हर्स येत नाय

ट्रॅक्टरसमोर कोणी आडवं आलं की काकी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलायच्या, उघडे पंजे दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मला रिव्हर्स येत नाय." समोरचा मागे सरायचा. पाववाला असो की लग्नाची गाडी.

अर्नाळ्याच्या रस्त्याला लागून त्यांची वाडी. वाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ओळीत उभे नारळ येतील. ही तशी नव्हती. नवरा गेल्यापासून काकी तण काढायच्या, पण आपोआप उगवलेलं झाड काढायच्या नाहीत. नारळांच्या मधे फणस, जांभूळ, भेंड, बांबू असं रानच माजलं होतं. त्यातून ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या वाटा. एकही वाट कुठे संपत नव्हती, प्रत्येक वळून घरापाशी यायची. रिव्हर्स येत नाही म्हटल्यावर बाई दुसरं काय करणार, म्हणून गाव हसायचं. मीही हसायचे.

मी पहिल्यांदा गेले ती पत्रकं घेऊन. वाडीच्या मागे बावखल आहे, गोड्या पाण्याचं जुनं तळं. आसपासच्या विहिरी त्याच्यावर जगतात. त्याच्या काठची जमीन एका बिल्डरने घेतली आणि डंपरने माती आणून तळंच बुजवायला काढलं. तिथे जायला वाट एकच, काकींच्या वाडीतून. वहिवाटीची, त्यामुळे त्यांना बंदही करता येईना. आम्ही गावातल्या काही जणांनी अर्ज दिले, कचेऱ्यांत ताटकळलो. साहेब पाहणीला निघाले होते. अजून निघतच आहेत. माझ्या पत्रकाचा मथळा होता, 'हा पाण्याचा खून आहे'.

काकींनी कागद हातभर लांब धरून वाचला. "खून झालाय तर पोलिसांत जा. माझ्याकडं काय आलीस? बस मागं."

मी मडगार्डवर बसले. ट्रॉलीत झावळ्या भरत आम्ही अख्खी वाडी फिरलो. फांदी आली की काकी वाकायच्या, मला मात्र सांगायच्या नाहीत. दोनदा कपाळ शेकलं.

"हा फणस कावळ्यानं लावला. ती जांभूळ वटवाघळानं. मी नुसता ट्रॅक्टर वळवून घेतला."

एके ठिकाणी सरळ जाणारी वाट मधेच फुगली होती. तिथे गुडघ्याएवढं एक रोप.

"काकी, हे तुमच्या वाटेत आलंय."

"आलंय खरं. पन ते कुठं सरकनार? मला चाकं हायत."

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, पत्रकं वाटली का. "बंबात घातली," त्या म्हणाल्या. "चांगली पेटतात. आजून आन."

मग ती दुपार आली. डंपर वाटेत घुसला आणि समोरून काकी, भरलेल्या ट्रॉलीसकट. नाकाला नाक. मी झाडाला टेकून उभी.

"पीछे लो, माताजी."

दोन्ही हात वर. "मला रिव्हर्स येत नाय."

"नहीं आता तो चलाती क्यों हो?"

"पुढं जायला."

दोन्ही बाजूंना झाडं, वळायला जागा नाही. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, मालकाला फोन लावला, शेवटी डंपर मागे मागे घेत थेट रस्त्यापर्यंत नेला. काकी त्याच्या पुढ्यात पहिल्या गिअरमध्ये, पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला निघाल्यासारख्या.

त्यानंतर काकींची सगळी कामं नेमकी त्याच वाटेवर निघू लागली. त्या घरात असतील तेव्हा डंपर शिरायचे, नाही असं नाही. अर्धं बावखल गेलं. पण अर्धंच.

मी लगेच नवं पत्रक काढलं, काकींच्या फोटोसकट: 'यांना माघार येत नाही!'

"मला गावभर अडाणी छापलंस ते छापलंस," त्या म्हणाल्या, "फोटो तरी बरा काढायचास, पोरी."

यंदा पावसाळा सरता सरता काकी गेल्या. त्यांचा मुलगा आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहतो. दिवसकार्य उरकल्यावर ट्रॅक्टर ठेवायचा की विकायचा, हे बोलायला त्याने मला बोलावलं आणि घरामागच्या शेडचा पत्रा बाजूला केला. ती शेड मी कधी उघडी पाहिली नव्हती.

ट्रॅक्टर तोंड बाहेर करून उभा होता. मागे ट्रॉली जोडलेलीच. ट्रॉलीच्या मागे भिंत, दोन्ही बाजूंना वीतभर जागा.

"हा असा आत कोण लावायचं?"

"आईच. दुसरं कोण?" तो म्हणाला. "ट्रॉलीसकट एका दमात मागे घ्यायची. मला अजून जमत नाही."

मला हसू फुटलं. मग हसताही येईना.

ट्रॅक्टर विकला नाही. रविवारी काकींचा मुलगा मला तो चालवायला शिकवतो. पुढे न्यायला मला जमतंय, फांदी आली की मी वाकतेही. परवा तो म्हणाला, आता ट्रॉली सोडून रिव्हर्स शिकवतो, तेवढा मला येतो. मी म्हटलं, बावखलाचं काय ते होईपर्यंत राहू दे.

काकींना खोटं बोलावं लागायचं. मला तेवढंही लागणार नाही.