बिदाईच्या काळ्या गाडीवरचे पांढरे ठिपके

मंडळी, आज दारव्ह्याले माह्या भाचीचं लग्न झालं. कापसाचे भाव पडल्यानं हे लग्न दोनदा पुढं गेलतं. म्हणून तिले माह्या काळ्या गाडीतून थाटात पाठवायचं मी ठरवलं होतं.

दुपारी बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली अन् उन्हातच वाळू देली. पाहतो तर बोनेटभर पांढरे ठिपके! पुन्हा धुतली, तर आणखी वाढले.

शेजारचे काका म्हणाले, "सावलीत धू, फिल्टरचं पाणी टाक अन् लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घे."

गाडी सावलीत घेतली. फिल्टरच्या पाण्याची एक कॅन बहिणीले मागितली, तर ती म्हणाली, "दादा, पंगतीत लेकरं पाण्यासाठी बसून हायेत. तुले गाडीचं पडलं काय?"

मी कोरडं फडकं घेतलं अन् ठिपके घासाले लागलो.

बिदाईची वेळ झाली तरी मी घासूनच राह्यलो होतो. भाची जवळ आली. "मामा, राहू द्या ना आता. चला."

पण हात थांबेना. फडकं ठेवलं की तिले न्यावंच लागणार होतं.

शेवटी तिनंच माह्या हातातून फडकं काढून घेतलं. ठिपक्यासगट गाडी निघाली.

ठिपक्याचा उपाय आता समजला. पण भाचीले सासरी सोडून रिकाम्या गाडीत परत कसं यावं, हे कोणाले माहीत हाये काय?