रिमोट माझा होता

मी खोटारडा आहे. आज सगळ्यांसमोर लिहितोय.

सिद्धार्थला जाऊन आज वर्ष झालं. सिद्धू, माझा दोस्त. शेंद्र्याला कंपनीत फिटर होता. अटॅक आला. वय एकेचाळीस.

माझ्या फोटोंना तुम्ही लाइक ठोकता ना, ती रिमोटची ग्लायडरं? इंजिन नाय, मोटार नाय, नुसती हवेवर तरंगणारी? ती सगळी त्यानं बनवलेली. मी फक्त उडवायचो आणि भाव खायचो.

तो स्वतः का उडवत नाय, हे लई जणांनी विचारलं. मी हसून सांगायचो, "त्याचा हात उलटा पडतो."

साफ खोटं.

सात वर्षांपूर्वी त्यानं पहिलं ग्लायडर बनवलं. तीन महिने लागले. ड्युटीवरून आला की बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या घासत बसायचा. पंखावर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवायला घरातली इस्त्री घेतली, तर वहिनींनी झापलं. "स्वतःच्या शर्टाला कधी केली नाय, अन् विमानाला इस्त्री!"

रविवारी सकाळी चितेगावच्या पुढं माळावर गेलो. आमचा अख्खा ग्रुप होता. रिमोट माझा, कारण त्याच्याकडं नव्हता.

आमच्यात एक रीत आहे. उडवणारा रिमोटची दांडी हलवतो. फेकणारा ग्लायडर हातात धरून पंखाच्या पट्ट्या बरोबर हलतात का बघतो आणि ओरडतो, "डावं... उजवं... ओके!"
मगच फेकायचं.

त्या दिवशी उडवणारा सिद्धू, फेकणारा मी होतो.

वर घारी गोल फिरत होत्या. म्हणजे तिथं गरम हवा वर चढतेय, ग्लायडर लगेच उचललं जाणार. मला घाई झाली. पट्ट्यांकडं न बघताच "ओके!" ओरडलो आणि फेकलं.

सिद्धूनं उजवीकडं दाबलं. ग्लायडर डावीकडं वळलं.
त्यानं आणखी दाबलं. ते आणखी वळलं.
आणि धाडकन जमिनीत.

"नवशिक्या घाबरला की उलटंच दाबतो," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

तो खाली बसून तुकडे गोळा करत होता. मी त्यानं बाजूला ठेवलेला रिमोट उचलला आणि स्क्रीन बघितला.

या रिमोटमध्ये प्रत्येक विमानाची सेटिंग वेगळी सेव्ह असते. स्क्रीनवर माझ्या जुन्या विमानाचं नाव होतं. त्याचं डावं-उजवं सिद्धूच्या ग्लायडरच्या बरोब्बर उलटं. आदल्या संध्याकाळी मी माझं उडवलं आणि सेटिंग बदलायची विसरलो.

गुपचूप बदलून टाकली. ग्रुपमध्ये मी उस्ताद ना! इज्जत प्यारी होती.

सिद्धू जवळ आला. "सॉरी भाऊ. माझाच हात उलटा पडला."

मी काय म्हणालो माहितीये?
"होतं रे. शिकशील."

त्यानंतर त्यानं रिमोट हातात घेतला नाय. ग्लायडर बनवायचा, आमच्यासाठी हातानं फेकायचा, आणि खाली उभा राहून वर बघत बसायचा. कधी "घे की रे" म्हटलं तर म्हणायचा, "नको भाऊ. माझा हात जोडायचा, उडवायचा नाय."

क्रांती चौकात चहा पिताना कितीदा ओठांवर आलं होतं. म्हटलं, आज नको, पुढच्या रविवारी सांगू.
असे कितीतरी रविवार मी घालवले.

आज त्याच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे गेल्यावर वहिनींनी कपाटातून एक पिशवी काढून दिली. आत रिमोट.

"भाऊजी, हा तुम्हीच न्या."

"सिद्धूकडं रिमोट होता?"

"व्हय की. पाच वर्षं होता. ड्युटीवरून आले की गच्चीवर जायचे. विमान नाय, काय नाय. नुसत्या दांड्या हलवायचे अन् म्हणायचे, डावं, उजवं, डावं, उजवं. मी म्हणायचे, येडे झालात काय? तर म्हणायचे, हात सरळ झाला की भाऊला दाखवतो."

मी तिथंच खाली बसलो. लहान पोरासारखा रडलो. मग सगळं सांगितलं.


वहिनी एवढंच म्हणाल्या, "एकदा सांगायचं होतं हो त्यांना."

त्या दिवशी माळावर जे जे हसले, त्यांनी हे वाचा. आणि मला काय बोलायचं ते बोला.

सिद्धू, तुझा हात पहिल्या दिवसापासून सरळच होता रे.

जयभीम, भावा.