जामिनाची अट आणि तिळगुळाचा डबा

"ए, उतर खाली. लिफ्ट तुझ्यासाठी नाही."

माझ्या खांद्यावर पंचवीस लिटरचा गीझर होता. चौथ्या मजल्यावर बसवायचा होता. अवधपुरीतली सोसायटी. बोलणारे तिचे सेक्रेटरी, मोठ्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनीअर. आमच्याच भाषेतले. भोपाळमध्ये मराठी कानावर पडलं की माणूस हरखतो. पहिल्या भेटीत मीही हरखलो होतो. तेव्हा त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. त्या दिवसापासून मी 'ए' झालो.

लिफ्टमध्ये पाटी होती, 'कामवाले सीढ़ी से जाएँ'. कुत्र्यांसाठी पाटी नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्रॅडॉर रोज ऐटीत लिफ्टनं उतरायचा.

मी म्हणालो, "आज नाही उतरणार."

त्यांनी कॉलर धरून ओढलं. मी हात झटकला. ते मागे पडले, मनगट मोडलं. ठाण्यात लिहिलं गेलं की मी पान्यानं मारलं. पाना पिशवीत होता आणि पिशवी खाली स्कूटरला लटकत होती. ते कुणी विचारलंच नाही. एकोणीस दिवस आत काढले.

आई जामीन राहिली. टी. टी. नगरच्या ऑफिसांतून झाडू मारून तिनं अयोध्या नगरात दोन खोल्या उभ्या केल्या. त्यांचे कागद तिनं कोर्टात ठेवले. अट पडली: फिर्यादीला किंवा साक्षीदाराला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, धमकावायचं नाही. सरकारकडून मिळालेल्या वकीलबाईंनी ती दोनदा वाचून दाखवली. म्हणाल्या, "मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो. मग परत आत." मी मान डोलावली. आत परत जायचं नव्हतं. तिथला वास महिनाभर अंगातून गेला नव्हता.

आणि तरी मी गेलो. मूर्खासारखा गेलो.

संक्रांतीला सकाळी त्या सेक्रेटरीसाहेबांचा मेसेज आला. त्यांचाच आवाज. "सण आहे. या घरी. तिळगूळ घ्या. आपलं ते केसचं मिटवून टाकू." 'या' म्हणाले होते. 'घ्या' म्हणाले होते. मी तो मेसेज चार वेळा ऐकला. मग बहिणीला पाठवला, मेव्हण्याला पाठवला, मी कामाला आहे त्या गीझरच्या दुकानाच्या मालकाला पाठवला. बघा, साहेबांनी बोलावलंय. आज हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटते. एकोणीस दिवस कोठडीत टाकणाऱ्यानं एकदा 'या' म्हटलं आणि मी गावभर मिरवत सुटलो.

वकीलबाईंना फोन करायचं डोक्यात आलं नाही. आई म्हणाली, "सणाला माणूस बोलावतो तर जावं. वैर धरू नये." तिनं लाडू वळले, स्टीलच्या डब्यात भरले. डब्यावर बाबांचं नाव कोरलेलं आहे. बाबा गेले, डबा आहे.

त्या दिवशी मी जिन्यानं चढलो. कुणी सांगितलं नव्हतं. आपण होऊन चढलो. कॉलर ओढल्याचं मला इतकं झोंबत नाही, जितकं हे झोंबतं.

साहेबांनी दार अर्धंच उघडलं. आत या म्हणाले नाहीत. डबा घेतला, चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि टाईप केलेला कागद पुढे केला. 'मैंने गुस्से में पाने से मारा, मैं क्षमा चाहता हूँ.' खाली माझं नाव.

"सही कर. मी केस पुढे रेटणार नाही."

"मी पान्यानं मारलं नाही, साहेब."

"मग इथं कशाला आलास? अट मोडलीस ना तू? कॅमेरा वर आहे. बघ."

मी वर बघितलं. तेही चित्र नंतर कोर्टात आलं. आरोपी फिर्यादीच्या दारात उभा राहून कॅमेऱ्याकडे रोखून बघतो आहे.

आठवड्यात जामीन रद्द करण्याचा अर्ज लागला. आरोपी घरी आला, साक्ष फिरवण्यासाठी धमकी दिली. साहेबांनी आपला मेसेज त्याच संध्याकाळी पुसून टाकला होता. माझ्या फोनमधून पण गेला. हुशार माणूस. पण मी मिरवत सुटलो होतो हे त्यांना कुठं माहीत? बहिणीच्या फोनमध्ये तो आवाज जसाच्या तसा होता.

वकीलबाई आधी माझ्यावर कडाडल्या. "मला एक फोन करता येत नव्हता?" मग शांतपणे समजावलं. "गेलात हे खरं. ते नाकारायचं नाही. कॅमेऱ्यात आहात. पण अट मोडली की जामीन आपोआप जात नाही. जामिनाचा गैरफायदा घेतला, साक्षीदाराला दबावात आणलं, हे त्यांनी दाखवायचं. तुम्हाला बोलावलं, हे आपण दाखवू." बहिणीचं शपथपत्र झालं, मोबाईलच्या पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांच्या वकिलानं मला बाजूला घेतलं. "अरे भाई, माफ़ीनामा लिख दो. हम आवेदन वापस ले लेंगे. क्यों जेल जाते हो?"

बाकावर आई बसली होती. पदर तोंडाशी धरून. लिहून देऊन सुटावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तो जिना आठवला.

"नहीं लिखूँगा," म्हणालो.

न्यायाधीशांनी विचारलं, "गए थे?"

"जी, गया था. बुलाया था, इसलिए गया."

मेसेज वाजवला. त्या खोलीत साहेबांचा गोड आवाज घुमला. वकीलबाईंनी हिंदीत अर्थ सांगितला. साहेब उठून म्हणाले, सण म्हणून सगळ्यांनाच पाठवला होता.

न्यायाधीश म्हणाले, "केस निपटाने की बात भी सबको भेजी थी?"

साहेब खाली बसले.

अर्ज फेटाळला. मी सुटलो असं कुणी समजू नये. पुन्हा असं झालं तर जामीन राहणार नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. वर नवी अट, दर रविवारी ठाण्यात हजेरी. बोलावणाऱ्याला कुठलीच अट नाही. तो आजही लिफ्टनं वर-खाली जातो. पाटी तशीच आहे.

लोक म्हणतात, मिटवून टाक. मिटवणार नाही. केस चालू दे. साहेबांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. आमच्या वकीलबाई विचारतील, पाना कुठं होता, पाटी कुणी लावली, कुत्रा कशानं उतरतो. एकही तारीख मी चुकवणार नाही.

आणि बाबांचा डबा अजून त्यांच्याकडे आहे. मागायला गेलो तर अट मोडते. म्हणून साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांची परवानगी घेऊन भर कोर्टात मागणार आहे, बाबांचं पूर्ण नाव घेऊन, आडनावासकट. डबा रिकामा परत करू नये अशी आपल्यात रीत आहे. मला तो रिकामाच पाहिजे.