नसलेल्या अत्तरदाणीची चोरी

त्या फिर्यादीची आठवण निघाली की आजही माझं रक्त तापतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्यात मी फौजदार होतो. गावचा बडा जमीनदार फिर्याद घेऊन आला.

"माह्या घरची चांदीची अत्तरदाणी चोरीले गेली. पेंटरच्या दुकानात तिचं चित्र हाय. पाह्यल्याबिगर काढलं काय त्यानं?"

पेंटर म्हणजे चिखलीच्या अडत्यांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा माणूस. त्याच्या दुकानात ते चित्र खरंच होतं. शंख गिळणाऱ्या माशाच्या घाटाची चांदीची अत्तरदाणी, इतकी हुबेहूब की उचलून वास घ्यावा. तेवढ्यावरून माझ्या जमादारानं त्याला उचललं. मी गस्तीवरून परतलो तेव्हा चौकशी चालू होती.

"माल कुठं हाय बे?"

"मनात हाय, जमादारसाहेब. मनातूनच काढला."

"मले येडा समजतं काय?" आणि बोटांवर रूळ बसला.

मी रूळ हिसकावून घेतला. मग फिर्यादी जमीनदाराला ठाण्यातला नेहमीचा प्रश्न विचारला, मालाची ओळखीची खूण काय?

"झाकणावर पांढरा चौकोनी डाग हाय. आजोबाच्या वक्तापासून."

त्याच्या दोन साक्षीदारांना वेगवेगळं बसवलं. दोघांनी तोच डाग सांगितला, तोही न अडखळता. खरा साक्षीदार थोडा तरी चाचरतो.

दुपारी पेंटरला घेऊन दुकानात गेलो. चित्रातल्या झाकणावर तसाच डाग होता.

"हे काय?"

"खिडकी हाय साहेब. तिचा उजेड."

स्टुलावर त्याचा घासलेला पितळी तांब्या होता. त्याच्यावरही खिडकीचा तोच पांढरा चौकोन चमकत होता! लबाडांनी चित्र पाहून खूण पाठ केली होती. दुकानाची जागा जमीनदाराची, आणि त्याला ती रिकामी करून हवी होती.

त्याला बोलावून विचारलं, तर निर्लज्जपणे म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब, मिटवून टाका."

पेंटरला मी सोडलं. खोट्या फिर्यादीबद्दल जमीनदारावर कारवाई सुरू केली, तर वरून निरोप आला, 'गैरसमज झाला असेल.' गैरसमज! ज्याच्या आजोबाच्या चांदीवर पेंटरची खिडकी उमटते, त्याचा गैरसमज? आणि पेंटरची सुजलेली बोटं?

या प्रकरणानं मला आपली जात ओळखायला शिकवलं, पोलिसांची आणि गावाचीही. साऱ्यांनी पेंटरला दरडावून विचारलं, ती वस्तू तू कुठं पाहिलीस? जमीनदाराच्या घरी ती कुणी पाहिली होती, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.