राजेश्वरीचे पुरावे

आटपाडीजवळच्या वाडीतला गुंडा काठमांडूत सोनं गाळायच्या दुकानात कामाला होता. तिथल्या शेजाऱ्यांच्या विष्णुमायाशी त्याचं लग्न झालं आणि सासरी येऊन ती राजेश्वरी झाली. त्याला पंधरा वर्षं झाली. गुंडा आता केरळात असतो. घरी राजेश्वरी, दोन लेकरं आणि सासू बनुबाई. मतदानादिवशी राजेश्वरी बनुबाईला केंद्राच्या दारापर्यंत सोडते आणि बाहेर थांबते; ती अजून नेपाळचीच नागरिक.

भारताच्या नागरिकत्वासाठी केलेल्या अर्जाला तीन वर्षं उत्तर आलं नाही, तेव्हा दोघी सांगलीला वकील क्रांतीताईंकडे गेल्या.

"नागरिकत्व कोर्ट देत नाही, सरकार देतं," क्रांतीताई म्हणाल्या. "आपण एवढंच मागायचं, की अर्ज रीतसर केलाय, ही पोच, ही स्मरणपत्रं, आता निर्णय घ्यायला सांगा. लग्नाची नोंद लागेल, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि इतकी वर्षं इथंच राहता, याचे पुरावे."

बनुबाईनं पिशवी टेबलावर रिकामी केली. लेकरांची लसीकरणाची कार्डं, रेशनकार्ड, आणि स्वतःच्या खुब्याच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद. तो वाचताना क्रांतीताई थांबल्या.

"रुग्णाशी नातं, मुलगी? ही सही तुमची?"

राजेश्वरी कानकोंडी झाली. "नर्सनं इचारलं, ह्या तुमच्या कोण? मी म्हनलं, आई. घरात तसंच म्हंतो की. त्यांनी मुलगी लिवलं."

"मग हा लावता येणार नाही. याचिका शपथेवर असते. एक ओळ चुकली, तरी सरकारी वकील तिथंच बोट ठेवतील."

बनुबाईनं कागद ओढून घेतला, घड्या घातल्या आणि चोळीत खोचला. "कोर्टाला नगं तर नगं. मला पायजे."

मग तिनं आपल्या प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवला: राजेश्वरी माझी सून, पंधरा वर्षं माझ्याच घरात राहते.

कोल्हापूरला हायकोर्टात सुनावणी दहा मिनिटंही चालली नाही. आठ आठवड्यांत निर्णय घ्या, असा आदेश झाला. सातव्या आठवड्यात सांगलीच्या कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. राजेश्वरीनं भारताशी निष्ठेची शपथ घेतली आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र तिच्या हातात आलं.

बाहेर आल्यावर तिनं काठमांडूला आईला फोन लावला. तिकडचं नागरिकत्व आता सुटलं होतं. ती नेपाळीत बोलत राहिली, मधेच रडली. बनुबाईला एक शब्द कळेना. सुनेच्या पाठीवर हात ठेवून, बोलणं संपेपर्यंत ती तिथंच उन्हात उभी राहिली.