पूर्वाचा हिरवा उजेड

आमची सून पूर्वा सात वर्षं पीएचडी करतेय. तिने नाव घातलं तेव्हा शेजारच्या विजयमालाबाईंची सून पोटुशी होती. त्या नातवाची यंदा मुंज झाली, हिची डिग्री अजून यायचीय. आमच्या नारायण पेठेत लोक अशा गोष्टी बरोब्बर लक्षात ठेवतात.

काम काय, तर डोळ्यांना न दिसणारे बारीक कण बनवायचे. ते कॅन्सरच्या पेशींना चिकटतात, निळ्या प्रकाशात हिरवे चमकतात आणि गाठ कुठवर पसरलीय ते सर्जनला कळतं. चमकले तर! हिचे सात वर्षं ढिम्म काळे. संध्याकाळी घरी आली की चप्पल काढून दारातच बसायची. चहा दिला तर निवून जायचा. मला रागही यायचा आणि कीवही यायची.

यंदा खंडेनवमीला त्यांच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा झाली. मायक्रोस्कोपला हळदकुंकू हिनेच वाहिलं. मग हात नुसते पदराला पुसून काचपट्ट्या तयार करायला बसली. त्या दिवशी पेशी हिरव्यागार चमकल्या. हिच्या गाइड सरांनी सगळ्यांना फोन केले. मी तरी कुठे कमी, मंडईतल्या भाजीवालीलासुद्धा सांगून आले.

दसरा झाल्यावर हिने त्याच दिवसाची, तुलनेसाठी बनवलेली आणखी एक काचपट्टी पाहिली. तिच्यात कण घातलेच नव्हते, तरी तीही हिरवी. हळदसुद्धा निळ्या प्रकाशात अशीच चमकते म्हणे. स्वच्छ हातांनी सगळं पुन्हा केलं, तर नुसता काळोख.

हिने जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले, "ती पट्टी आता बघायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" डिग्री वर्षभर पुढे गेली.

मी भडकलेच. "अगं, सात वर्षं घासलीस. गप्प बसली असतीस तर कोण येणार होतं बघायला?"

"आई, सर्जन त्या उजेडावर कापणार ना," ती म्हणाली. आवाजात जीव नव्हता.

माझ्या छातीवर दोनदा सुरी चाललीय. पहिल्या वेळी गाठ थोडी राहून गेली होती, डॉक्टरांना दिसली नाही. दोन्ही वेळा उशाशी हीच बसली होती, नवी नवरी.

"बरं, कर आणखी एक वर्ष," मी म्हटलं. "डबा मी भरून देईन."